वाट्याची भाजी

ठाण्याच्या एका स्नेह्यांनी मागील पत्रात आम्हांला विचारले होते, "तुमच्या सिंगापुरात काही पिकते तरी का, की सारेच दुकानातून येते?" प्रश्न सरळ आहे आणि त्याला सरळ उत्तरही आहे. सिंगापूर आपल्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणते. परंतु एवढे लिहून पत्र बंद करणे आम्हांला प्रशस्त वाटेना. उरलेल्या थोड्याशा भागाची हकीगत मोठी आहे, आणि तिच्यातील एका लहानशा प्रकरणात आमचे कुटुंब सुमारे चार वर्षे गुंतलेले होते. ते स्नेही या पत्रिकेचे जुने वाचक आहेत. तेव्हा उत्तर येथेच देतो, म्हणजे इतर वाचक बंधुभगिनींनाही ते वाचता येईल.

हे सारे राष्ट्र सुमारे ७३५ चौरस किलोमीटरचे. त्यातील शेतजमीन आज एक टक्क्याहूनही कमी आहे. मात्र गावातील रस्त्यांची नावे वेगळीच साक्ष देतात. ऑर्चर्ड रोडवर आज काचेच्या दुकानांची रांग आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जायफळाच्या आणि मिरीच्या बागा होत्या. रोग पडून १८६० च्या सुमारास जायफळ गेले, पण बागेचे नाव रस्त्याला चिकटून राहिले. आपले लोक मेथी-कोथिंबिरीसाठी ज्या टेक्का बाजारात जातात, त्याचे जुने नाव कांडांग केरबाऊ, म्हणजे म्हशींचा गोठा. शेजारच्या बफेलो रोडवर आता म्हैस औषधालाही सापडायची नाही. पोटोंग पासिर येथे, जिथे आज उंच सदनिका आहेत, तिथे चिनी शेतकऱ्यांचे भाजीचे मळे होते.

आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. पेणकर, रोहेकर, नवगावकर, रेवदंडेकर अशी नावे आपण पिढ्यान्‌पिढ्या लावीत आलो, ती ज्या गावचे धान्य खाल्ले आणि ज्या गावी घाण्यावर तेल गाळले त्या गावची म्हणून. आता आपल्यापैकी कितीजणांनी त्या गावचे शेत पाहिले आहे? नाव मागे राहते आणि माती दूर जाते, हे काही एकट्या सिंगापुरातच घडले असे नाही.

इतिहासाचा आणखी एक धागा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९४२ ते १९४५ या जपानी अंमलात येथे तांदळाचा तुटवडा पडला आणि लोकांनी अंगणात, परसात, मिळेल त्या तुकड्यात टॅपिओका आणि रताळी लावली. आमच्या इमारतीतील एक वयोवृद्ध चिनी गृहस्थ अजूनही टॅपिओकाला हात लावीत नाहीत. "लहानपणी सगळ्या जन्माचा खाऊन झाला," एवढेच ते म्हणतात. पुढे १९७० च्या दशकात हे बेट अंडी, कोंबड्या आणि डुकराचे मांस यांबाबत स्वयंपूर्ण झाले होते, हे आजच्या तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही. मग घरांसाठी जमीन हवी आणि पिण्याच्या पाण्याचे तलाव स्वच्छ हवेत म्हणून १९८४ साली डुक्करपालन क्रमाक्रमाने बंद करण्याचा निर्णय झाला आणि १९९० पर्यंत ते संपले. भाजीचे मळेही याच काळात आक्रसत गेले. त्या निर्णयाबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांच्यातले नाही. येथील दहांपैकी सुमारे आठ माणसे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांत राहतात, आम्हीही राहतो, आणि त्या सदनिका कोणाच्या तरी मळ्यावरच उभ्या आहेत. डोक्यावर छप्पर घेऊन मळ्यासाठी रडणे आम्हांला शोभत नाही.

तथापि ज्याचे कोठार दुसऱ्याच्या अंगणात आहे, त्याला झोप सावधच घ्यावी लागते. मार्च २०२० मध्ये मलेशियाने साथीमुळे सीमा बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा येथील दुकानांत एका रात्रीत रांगा लागल्या. मालाच्या गाड्या चालू राहिल्या, अन्न कमी पडले नाही. पण त्या रात्री रिकाम्या फळ्या पाहिल्या त्या आमच्या सौभाग्यवतींच्या अजून डोळ्यांपुढे आहेत. पुढे १ जून २०२२ पासून मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबविली. सिंगापूरच्या कोंबड्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश तिकडून येत, आणि त्याही बहुतेक जिवंत. चिकन-राइस विकणाऱ्यांची काय अवस्था झाली ते सांगायला नको. सरकारने मात्र आधीच, २०१९ साली, संकल्प सोडला होता की २०३० पर्यंत देशाच्या पोषणाच्या गरजेपैकी तीस टक्के अन्न देशातच पिकवावे. २०२० च्या जूनमध्ये उद्यान मंडळाने लोकांना भाजीच्या बियांच्या पुड्या फुकट वाटायला सुरुवात केली आणि चार लाखांहून अधिक घरांनी त्या घेतल्या. आमच्या मजल्यावर त्या वर्षी एकही खिडकी कुंडीवाचून राहिली नव्हती. डासांच्या तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना मात्र त्या वर्षी काम वाढले असेल, कारण येथे कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देणे हा दंडास पात्र अपराध आहे!

आमच्या वस्तीतील सामुदायिक बाग याहून जुनी. उद्यान मंडळाने २००५ साली अशा बागांची योजना काढली. आज देशभर त्या दोन हजारांच्या घरात आहेत. आमची बाग मोटारी ठेवण्याच्या बहुमजली इमारतीच्या मागे आहे. दोन खोल्यांएवढी जागा, तारेचे कुंपण, पावसाचे पाणी साठवायला झाकणाची पिंपे, आणि कंपोस्टचा एक डबा, ज्यात शेजारच्या कोपीतियाममधील कॉफीचा चोथा पडतो. येथील बराचसा केरकचरा जाळला जातो आणि राख सेमाकाऊ नावाच्या बेटावर नेऊन टाकतात. म्हणून तो चोथा वाफ्यात मुरताना पाहिला की आम्हांला उगाचच बरे वाटते.

या बागेत आमच्या मातोश्रींचा जीव रमला. त्या २०१८ साली अलिबागेजवळचे घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मलाय आणि चिनी तर नाहीच. सुरुवातीला त्या दिवसभर गॅलरीत बसून असत. एके दिवशी बागेच्या कुंपणाशी उभ्या राहून त्यांनी आतल्या भाज्या एकेक करून ओळखल्या, आणि आम्ही थक्क झालो. येथील लोक ज्याला बायम म्हणतात तो आपला माठ. कांगकोंग म्हणजे नाळीची भाजी. मायाळूची वेल तीच, जाड पानांची, जांभळ्या देठाची. कढीलिंब आणि शेवगा तर सांगण्याचीही गरज नव्हती. गोकर्णाच्या फुलांनी मलाय बायका भाताला निळा रंग आणतात, एवढेच त्यांना नवे वाटले. एका मलाय मकचिकच्या वाफ्यात अळू होते. तिच्या भाषेत केलादी. आईंनी पान दाखवून गळा खाजवल्याची खूण केली. मकचिक हसली आणि म्हणाली, "आसाम." आसाम म्हणजे चिंच. पाच मिनिटांत दोघींचा अळवाच्या खाजेवरचा परिसंवाद आटोपला, दुभाष्याची गरज पडली नाही. त्यानंतर आठवड्यातून चार दिवस आई बागेत असत. कोकणात पाऊस चार महिने येतो आणि जातो, येथे बारा महिने केव्हाही कोसळतो. ऋतू नसलेल्या देशात पेरणी केव्हा करायची, हे कोडे मात्र त्यांना शेवटपर्यंत सुटले नाही.

बागेने हौस भागते, घर चालत नाही. आठवड्याला दोन-तीन जुड्या निघाल्या तरी त्या वीस घरांत वाटायच्या. खरी भाजी पिकवणारा शेतकरी आमच्या आयुष्यात आला तो २०२० च्या अखेरीस, आणि तो आला मोटारींच्या गच्चीवरून. गृहनिर्माण मंडळाच्या मोटारस्थानकांच्या माथ्यावर व्यापारी तत्त्वाने भाजी पिकविण्याचा पहिला प्रयोग २०१९ साली आंग मो किओ येथे झाला आणि पुढच्या वर्षी अशा आणखी जागा भाड्याने देण्यात आल्या. आमच्याजवळच्या एका गच्चीवर दोघा तरुणांनी शेत मांडले. त्या शेताचे नाव येथे देत नाही; ते आता उरलेलेही नाही.

त्यांची पद्धत मातीवाचूनची. उतरत्या पन्हळींतून खतमिश्रित पाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवायचा आणि त्यात रोपांची मुळे बुडालेली राहायची. पाणी पुन्हा टाकीत येते, पंप ते पुन्हा वर चढवतो. बी टाकल्यापासून चार-पाच आठवड्यांत पालेभाजी कापणीला येते. दिसायला फार सुरेख. आईंना मात्र ती शेती पटली नाही. "भाजी सलाईनवर ठेवली आहे," असे त्यांचे मत होते. चव चांगली आहे, हे त्यांनी कबूल केले, पण जरा उशिराने.

त्या तरुणांनी वस्तीपुढे एक प्रस्ताव ठेवला. दुकानाला माल घातला तर भाव दुकानदार ठरवणार. त्याऐवजी शेजारच्या कुटुंबांनी तीन-तीन महिन्यांचे पैसे आगाऊ द्यावेत आणि दर गुरुवारी संध्याकाळी जे पिकेल त्यातला आपला वाटा न्यावा. वजनाची हमी नाही. पीक भरघोस आले तर टोपली भरून, बुडाले तर नाही. ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. जपानमध्ये १९७० च्या दशकात कीटकनाशकांना भ्यालेल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट करार करण्याची चाल पाडली, तिला ते तेइकेई म्हणतात. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर येथील दोन शेतांनी तसेच वाटे विकले. येथेही क्वीन्सटाउनमध्ये, जुन्या तुरुंगाच्या जागेवर, सिटिझन फार्म नावाच्या शेताने आमच्याआधी वर्गणीदारांना भाजीचे खोके देण्यास आरंभ केला होता. आपल्या मुंबईतही २०१० च्या सुमारास हरीभरी टोकरी नावाने असाच उपक्रम निघाला. गच्चीवर भाजी पिकवण्यात तर महाराष्ट्र कोणाच्या मागे नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांचा प्रयोग परिवार, बांद्र्याच्या गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाजी लावणारे डॉ. दोशी, आणि मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील टाकाऊ पाल्यावर बाग उठवणाऱ्या प्रीती पाटील, ही नावे जुन्या वाचकांना ठाऊक असतील.

चोवीस कुटुंबांनी वाटा घेतला. इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, ज्याला येथे व्हॉइड डेक म्हणतात, टोपल्या मांडल्या जात. तमिळ, चिनी, मलाय, एक फिलिपिनो, आणि मराठी आम्ही एकटे. पहिल्या महिन्यातच भाजीबरोबर भाजी करण्याच्या कृतींची देवाणघेवाण सुरू झाली. सियाओ बाय चायची ओले खोबरे घालून केलेली कोरडी भाजी आमच्या घरातून चार घरांत गेली. त्या बदल्यात आमच्याकडे सुक्या कोळंबीच्या मिरचीवरची कांगकोंग आली. ती अर्थात आमच्या घरात कोळंबीवाचून केली जाते. दीड वर्ष असे सुखात गेले.

मग २०२२ उजाडले. विजेचे दर चढले. त्यातच एका शनिवारच्या रात्री गडगडाटी पावसात गच्चीवरची वीज तुटली आणि पंप थांबला. मातीत पेरलेली भाजी पाण्यावाचून दोन दिवस तग धरते. पन्हळीतली तितके तास धरत नाही, कारण तिच्या मुळांपाशी पाण्याचा साठाच नसतो. रविवारी दुपारी ते तरुण पोचले तेव्हा निम्म्याहून अधिक रोपे माना टाकून पडली होती. जी वाचली त्यांच्या मुळांना पुढच्या आठवड्यात कूज लागली, कारण उकाड्यात पाणी तापले की तो रोग झपाट्याने पसरतो. सारे उपसून, पन्हळी धुऊन, पुन्हा बी टाकावे लागले. पाच आठवडे टोपल्या आल्या नाहीत.

तेव्हा तळमजल्यावर सभा भरली. थोरल्या तरुणाने हिशेबाचा कागद भिंतीला चिकटवला: भाडे, वीज, बी, खत, दोन माणसांचा पगार. पगाराचा आकडा पाहून आम्हांला लाज वाटली, इतका तो लहान होता. त्याने विचारले, "अंकल, आंटी, पुढच्या तिमाहीचे पैसे द्याल का?"

तीन मुलांची आई असलेली एक बाई उठली. ती म्हणाली, "मी पैसे दिले ते भाजीचे. दान करायचे असेल तेव्हा मी वेगळे करीन. बाजारात हीच भाजी निम्म्या भावात मिळते."

बंदरातून निवृत्त झालेले एक चिनी अंकल बसूनच बोलले, "कागदावर लिहिले होते, पिकले तर मिळेल, नाही तर नाही. मी सही केली आहे."

"सही मीही केली आहे, अंकल. पण तुम्हांला मुले शिकवायची नाहीत."

यावर कोणी बोलेना. वाचकांना वाटेल की आम्ही त्या अंकलच्या बाजूचे असू. पैसे आम्ही दिले, हे खरे. परंतु ती बाई चुकीचे बोलली असे आम्हांला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. कॅमेरॉन हायलँड्सच्या थंड डोंगरावर कापलेली भाजी रात्रीतून ट्रकने निघते, जोहोरचा पूल ओलांडते आणि पहाटे पासिर पांजांगच्या घाऊक बाजारात येते. ती ताजी असते, स्वस्त असते, आणि ज्या शेतकऱ्याने ती पिकवली त्यालाही पोट आहे. पुलापलीकडचे जोहोर तर आमच्यापासून पुणे मुंबईपासून आहे त्याहून कितीतरी जवळ! केवळ मध्ये सरहद्द आहे म्हणून तिकडची भाजी परकी आणि गच्चीवरची आपली, हा भेद स्वयंपाकघरात टिकत नाही. स्थानिक अन्नाची महती गाणारे पुष्कळजण अंतराचा हिशेब सांगतात. या बेटावर तो हिशेब लंगडा आहे.

मग आम्ही पैसे कशाचे दिले? सभेच्या रात्री सौभाग्यवतींशी यावर बराच वेळ बोलणे झाले. त्यांचे म्हणणे असे की, मलेशियाने कोंबड्या थांबवल्या त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. अशा वेळी भाजी पिकवणे ज्यांना येते अशी दोन माणसे हाकेच्या अंतरावर असावीत, आणि ती दुसरी नोकरी शोधायला जाऊ नयेत, एवढ्यासाठी आपण पैसे द्यायचे. वस्तीत डॉक्टर असावा तसे. आम्हांला ते पटले. तिमाहीच्या अखेरीस चोवीसांपैकी नऊ कुटुंबे गेली. उरलेल्या पंधरांत वाटे वाढवून घेतले गेले, आणि ज्यांना पूर्ण वाटा परवडत नव्हता त्यांच्यासाठी अर्धा वाटा निघाला. उरलेल्या अर्ध्याच्या बदल्यात शनिवारी वा रविवारी दोन तास रोपे लावायची. ती तीन मुलांची आई सहा महिन्यांनी अर्ध्या वाट्यावर परत आली. मुलांना घेऊन यायची आणि चिनी अंकल त्या मुलांना रोप पन्हळीत कसे बसवायचे ते दाखवायचे.

तरीही शेत टिकले नाही. २०२४ साली भाड्याची मुदत संपली, आणि नवी मुदत घेऊन पुन्हा यंत्रे बसवण्याइतके भांडवल त्या तरुणांपाशी नव्हते. त्यांनी शिल्लक वाट्यांचे पैसे पैनपै परत केले. सर्वत्र हेच चालले होते. मोठमोठी बंदिस्त शेतेही त्या दोन-तीन वर्षांत बंद पडली. २०२४ मध्ये देशात खपलेल्या भाजीपैकी देशात पिकलेली तीन टक्क्यांच्या आसपासच होती. अंड्यांचे मात्र बरे चालले आहे, ती एक-तृतीयांशाहून अधिक येथलीच. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने तीस टक्क्यांचा तो संकल्प बाजूस ठेवून नवा केला: २०३५ पर्यंत भाजी, मोड आलेली कडधान्ये आणि अळंबी यांपैकी वीस टक्के, व अंडी-मासळीपैकी तीस टक्के. खेरीज परदेशांतून आणायचे ते अनेक देशांतून आणायचे आणि साठा ठेवायचा. हे शहाणपणाचे आहे. पण चार कोटी-दोन कोटी डॉलरांची यंत्रे उभारण्याच्या भरात, वाटा घेणारी पंधरा कुटुंबे हीदेखील शेतीची सामग्री आहे, हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही, असे आम्हांला राहून राहून वाटते.

जाता जाता एक गोष्ट, आपल्या वाचकांना विशेष वाटेल म्हणून. येथील वनस्पती उद्यानात लहान मुलांसाठी एक स्वतंत्र बाग आहे. ती २००७ साली उघडली आणि तिला जेकब बॅलस यांचे नाव आहे. हे येथील बगदादी ज्यू समाजातील शेअर दलाल. २००० साली वारले. वाळवंटी प्रदेशातून आलेल्या कुळातील माणसाच्या नावाच्या बागेत शहरातली मुले भाजीची रोपे आणि फळझाडे पाहतात.

आमची ती पंधरा कुटुंबे अद्याप विखुरलेली नाहीत. त्यांतली अकरा मिळून क्रांजीकडच्या एका मातीतल्या मळ्यातून पंधरवड्याला भाजी मागवतात. ती तळमजल्यावरच येते, टोपल्याही त्याच आहेत. त्या दोघा तरुणांपैकी धाकटा आता शाळांतून मुलांना भाजीचे वाफे करून देतो. थोरल्याने दुसरी नोकरी धरली. मातोश्रींचे गेल्या पावसाळ्याआधी देहावसान झाले. पावसाळा आम्ही अलिबागचा धरतो. मकचिकने त्यांच्या वाफ्यातले अळू अजून काढलेले नाही.

आणि आम्ही स्वतः उद्यान मंडळाचा एक वाफा भाड्याने घेतला आहे. अडीच मीटर लांब, एक मीटर रुंद, तीन वर्षांच्या कराराने. ही योजना २०१६ पासून चालू आहे आणि मागणी इतकी की सोडत काढावी लागते. त्यात सध्या माठ आणि मायाळू आहे, आणि एका कोपऱ्यात अलिबागचा पांढरा कांदा लावून पाहिला आहे. पात चांगली हिरवी आहे. खाली कांदा धरतो की नाही, ते उपटून पाहिल्याशिवाय कळायचे नाही, आणि सौभाग्यवती अजून उपटू देत नाहीत.